उताराची रीडिंगं

बटाटा मी ठेवला होता, ढकलला नव्हता. मंगळवारी सकाळी साडेसातला, जळगावच्या माझ्या स्वयंपाकघरात, नव्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर मी एक बटाटा ठेवला, सुरी घ्यायला वळले, आणि तो आपला आपण निघाला. आधी हळू, मग जरा जोरात, आणि धप्पकन सिंकमध्ये पडला. ओटा महिन्यापूर्वीच वना मिस्त्रीने बांधला होता. सिंककडे उतार द्यावाच लागस ताई, नाहीतर पाणी साची, असं त्याने तेव्हा मला समजावलं होतं, आणि बावीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या मी शहाण्या बाईसारखी मान डोलावली होती. यात विशेष काही नव्हतं. पण माझा हात सुरीवर तसाच राहिला, कारण मला एकदम शनिवारचं धुळं आठवलं. प्रयोगशाळेतला लांब कडप्प्याचा ओटा, त्यावर मांडलेलं उपकरण, आणि एकामागून एक एकतीस पोरांनी उपकरणावर टेकवलेलं एकेक बोट. बत्तिसाव्या पोरीने बोट लावलं नव्हतं. तिला मी नापास करून आले होते.

नीट सांगते, नाहीतर वाटेल बाई उन्हाने भ्रमिष्ट झाली. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि मी बाहेरची परीक्षक म्हणून धुळ्याला गेले होते, जिथे मी स्वतः शिकले त्याच कॉलेजात. एअर ट्रॅक नावाचं एक उपकरण असतं. भोकाभोकांची लांब पोकळ पट्टी, तिच्यात ब्लोअरने हवा सोडायची, म्हणजे वर ठेवलेले ग्लायडर तरंगतात, घर्षण जवळपास नाही. एक ग्लायडर उभा ठेवायचा, दुसरा त्याच्यावर सोडायचा, टकरीच्या आधीचा संवेग मोजायचा, नंतरचा मोजायचा. दोन्ही सारखे आले पाहिजेत. संवेग अक्षय्य राहतो. हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, म्हणून सगळ्यांचं येतं. परीक्षक काय बघतो? खालची निष्कर्षाची ओळ. मीही तेच बघत होते, भराभर, कारण एक वाजला होता आणि शेजारच्या खोलीत शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि ठेचा येऊन पडला होता. परीक्षकाला जेवू घालायची पद्धत आहे, आणि गरम जेवला की तो मार्कही गरम देतो असं आम्ही सगळेच हसून म्हणतो. या पोरीच्या पानावर, पुनमच्या, शेवटची ओळ होती: संवेग अक्षय्य राहत नाही. मी म्हटलं, काय गं, राहत नाही? ती म्हणाली, "इथे नाही राहणार, मॅडम." इथे! जसा काही न्यूटनचा नियम पारोळ्यापर्यंतच लागू होता आणि धुळ्याच्या नाक्यावर त्याला अडवलं. मला हसू यायला हवं होतं. राग आला. मी म्हटलं, "तीनशे वर्षं सगळी दुनिया चुकली आणि तू एकटी बरोबर?" तिने तोंड उघडलं, मी हाताने गप्प केलं, आणि पन्नासपैकी बारा लिहिले. वीसला पास. कॉलेजचे परीक्षक प्रेमराज सर माझ्या कानाशी हळूच म्हणाले, की मॅडम, पोरीला मुंबईला एम. एस्सी.ची जागा मिळालीये, प्रवेश परीक्षेतून, अख्ख्या जिल्ह्यातून ही एकटी, हे अडकलं तर जागा जाईल. मी म्हटलं, मग नीट करायला काय झालं होतं? आणि हात धुवायला उठले.

बटाटा सिंकमध्ये पडला होता आणि मी ओट्याला धरून उभी होते. कारण मला प्रयोगशाळेतला तो ओटा माहीत होता! शनिवारी मी त्याच्यावर कोपर टेकून बसले होते आणि मला आठवलं नाही, म्हणजे मी आठवू दिलं नाही. नव्याण्णव साली आम्हाला एअर ट्रॅक नव्हता, चाकांच्या ट्रॉल्या होत्या, पण ओटा तोच. उभी ठेवलेली ट्रॉली उभी राहायची नाही, खिडकीकडे सरकायची. मी अभिमन सरांना सांगायला गेले होते. ते चांगले होते, कोणावर आवाज चढवायचे नाहीत, मला बेटा म्हणायचे. ते म्हणाले, "दिपमाला, बोट लावून धर ना बेटा. आणि रीडिंग बसव." रीडिंग बसवणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या कुठल्याही सायन्सच्या पोराला विचारा. उत्तरापासून उलटं यायचं. शेवटी काय यायला हवं ते ठरवायचं, मग त्याला जमतील असे आकडे वर भरायचे. मी त्यात फार हुशार होते. अगदी तंतोतंत बसवायचं नाही, एक-दीड टक्का चूक ठेवायची, म्हणजे खरं वाटतं. मला अठ्ठेचाळीस मिळाले होते. त्या अठ्ठेचाळीसांवर मी विद्यापीठात गेले, नोकरीला लागले, या घराचे हप्ते भरले, आणि आता मीच खुर्चीत बसून दुसऱ्यांची रीडिंगं तपासते. डोंबलाचं तपासते! मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. त्याऐवजी मी प्रेमराज सरांना फोन लावला. मार्कांची शीट गेली का? नाही, म्हणाले, आज पाचपर्यंत ऑनलाइन भरायचीये. म्हटलं, थांबा, हात लावू नका, मी येतेय. "एवढ्या उन्हात कशाला मॅडम? फोनवर सांगा ना," ते म्हणाले. मी फोन ठेवला.

साडेनऊची धुळे गाडी मिळाली. एप्रिलचं ऊन, चव्वेचाळीस तरी असेल, खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. शेजारच्या बाईने डोक्यावरून पदर घेतला होता आणि ती अधूनमधून मला विचारत होती, एरंडोल गेलं का? मला तिला सांगावंसं वाटत होतं की बाई गं, मला काही विचारू नको, मी आत्ता कोणालाही काही बोलेन. पुनमचं ते ‘इथे’ डोक्यातून जात नव्हतं. एमी नोएदर नावाची एक जर्मन बाई होती. आमच्या अभ्यासक्रमात तिच्या वाट्याला एक ओळ आहे आणि कंसात लिहिलंय, सिद्धतेशिवाय. मी ती ओळ दरवर्षी फेब्रुवारीत दहा मिनिटांत उरकते, कारण परीक्षेत येत नाही. त्या बाईने शंभर वर्षांपूर्वी सांगितलं की निसर्गात जे जे टिकतं ते उगीच टिकत नाही. नियम इथे जसा आहे तसाच चार हात पलीकडे असेल, तर संवेग टिकतो. आज जसा तसाच उद्या असेल, तर ऊर्जा टिकते. कुठेही तोंड करून उभे राहा, फरक पडत नसेल, तर गरगर फिरण्यातला संवेग टिकतो. जागा बदलून बघायची, काही बदललं नाही तर त्याला सममिती म्हणायचं, आणि प्रत्येक सममितीमागे एक न गळणारी गोष्ट असते. आणि जिथे बदलतं तिथे गळतं. उतारावर खिडकीजवळची जागा आणि दाराजवळची जागा सारखी नसते. तिथे संवेग टिकणारच नाही, टिकला तर ती बाई खोटी. म्हणजे पुनम म्हणाली ते अक्षरशः खरं होतं. इथे नाही राहणार, मॅडम. हे तीन शब्द बोलायला मला एक तास लागतो आणि पोरांना कळत नाही. आणि त्या एमी नोएदरला तरी काय मिळालं? वर्षानुवर्षं पगाराशिवाय शिकवत होती, आणि वर्गाच्या पाटीवर नाव दुसऱ्याचं, पुरुषाचं. वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. वाईट! आम्हा बायकांना वाईट वाटवून घ्यायची सवयच असते, राग यायला आम्हाला बस पकडावी लागते.

एरंडोल गेलं. बाई उतरली, उतरताना म्हणाली, येते हां ताई, आणि मला लाज वाटली. मग मला समाधान आठवला, माझा भाऊ. माझ्याहून वर्षाने मोठा, पण एकदा नापास झाला म्हणून आम्ही दहावीला बरोबर होतो, सोनगीरच्या शाळेत. निकाल लागला तेव्हा त्याला बावन्न टक्के आणि मला चौऱ्याऐंशी. वडील पेढे घेऊन आले, समाधानच्या हातात बॉक्स दिला, गल्लीत वाट म्हणाले. आई, कमलबाई, मला चुलीपाशी ओढून म्हणाली, "तुनं कोणले सांगू नको. त्याले वाईट वाटी." मी मार्कलिस्ट आठ दिवस दप्तरातून काढली नाही. आता कोणीही म्हणेल, आई बिचारी, तिला काय कळणार. आईवर माझा राग नाही असं मीही तीस वर्षं म्हणत आले. आहे. भरपूर आहे. ती गेली तरी आहे. जागा बदलून बघा ना, तेवढं साधं आहे, मला त्याच्या जागी ठेवा आणि त्याला माझ्या जागी. गल्लीत पेढे वाटले गेले असते का? पण पारोळ्याला गाडी थांबली, लोक लस्सी प्यायला उतरले, आणि मला त्याहून वाईट आठवलं. शनिवारी हेमराज नावाचा एक मुलगा होता. त्याने तोंडी प्रश्नाला पूर्ण चुकीचं उत्तर दिलं, तेही छाती काढून, आणि मी चूक दाखवली तर म्हणाला, मॅडम पुस्तकातच चुकलंय. मी काय केलं? हसले. "बरा तयार आहेस रे," म्हटलं, आणि चव्वेचाळीस दिले. त्याला तयार म्हटलं आणि तिला मनात उद्धट म्हटलं, पंधरा मिनिटांच्या अंतराने, त्याच खुर्चीत बसून. आईला काय म्हणून बोल लावतेय मी? प्रयोगशाळेचा ओटा बांधणाऱ्या गवंड्याची चूक असेल, काळ्या मातीत पाया खचला असेल. माझ्यात उतार कोणी दिला? मी लस्सी घेतली नाही. गाडी सुटली.

धुळ्याला पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. मी विभागात न जाता थेट प्रयोगशाळेत गेले. तिथला शिपाई भिकनभाऊ, आता रिटायरमेंटला आलेला, ब्लोअरवरची धूळ पुसत होता. मी त्याला म्हटलं, भाऊ, हवा सोडा जरा. ग्लायडर मध्यावर ठेवला आणि हात काढला. तो थोडा थबकला, आणि निघाला खिडकीकडे, कोणाला न विचारता. मी परत आणून ठेवला, परत गेला. भिकनभाऊ माझ्याकडे बघत होता. "तो ओटा पहिलेपासून तसा शे, ताई," तो म्हणाला. "खिडकीकडून खचेल शे. बठ्ठा पोरे बोट लाईसन धरतस." मी म्हटलं, सगळी पोरं बोट लावून धरतात, आणि तुम्ही इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही? तो हसला, अगदी मनापासून, दात नसलेलं. "माले कोण इचारस? तुम्हीन सर लोक. तुम्हले तं दिसतच व्हई." मग एकदम आठवल्यासारखं म्हणाला, ती एक पोर होती, तिने मला पट्टी उचलायला लावली होती, या ओट्यावरून त्या ओट्यावर आडवी टाकायला. परीक्षेच्या दिवशी, सकाळीच, सगळे यायच्या आधी. मी विचारलं, आडवी कशाला? "काय माहीत बुवा. आडवी टाकी तं गाडी हाली नही."

प्रेमराज सरांच्या खोलीत कूलर होता, आणि पुनम होती. दाराशी उभी, हातात फाइल. मी आत गेले तशी तिने फाइल छातीशी धरली आणि नमस्कारही केला नाही. सर उठून म्हणाले, बसा मॅडम, पाणी घ्या, सगळं निस्तरलंय. निस्तरलंय म्हणजे? त्यांनी पुनमला खूण केली. तिने फाइलमधून एक कोरं करकरीत पान काढून टेबलावर ठेवलं. तोच प्रयोग, तेच अक्षर, नवी रीडिंगं. निष्कर्ष: संवेग अक्षय्य राहतो. मी आकडे बघितले. चूक एक पूर्णांक दोन टक्के. "मीच सांगितलं तिला लिहून आण म्हणून," सर म्हणाले. "काल दिवसभर बसून लिहिलं पोरीने. हे पान आत लावू, तुम्ही पंचेचाळीस लिहा, मी सही करतो, पोरगी मुंबईला जाईल. कोणाचं काही बिघडत नाही." ते वाईट माणूस नाहीत. मला हे परत परत स्वतःला सांगावं लागलं, कारण मला टेबलावरचा पेपरवेट त्यांच्या कूलरमध्ये घालावासा वाटत होता. मी पुनमला विचारलं, "हे कधी शिकलीस?" ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "यायचं मला आधीपासून. सगळ्यांना येतं. त्या दिवशी नाही केलं." "का?" "मला वाटलं तुम्ही बाहेरून येणार आहात. तुम्ही वाचाल."

मी सरांना शनिवारचं पान मागितलं. गठ्ठ्यातून काढून देताना ते म्हणाले, मॅडम, कशाला? मी निष्कर्षाची ओळ ओलांडून पान उलटलं. मागची पूर्ण बाजू भरलेली होती. पट्टी लांबीत ठेवली की दर सेकंदाला संवेग किती वाढतो, चार वेगवेगळ्या ठिकाणी मोजलेलं. त्यावरून ओट्याचा उतार काढलेला, मीटरमागे तीन मिलिमीटर. मग पट्टी दोन ओट्यांच्या मधे आडवी टाकून तोच प्रयोग, आणि तिथे संवेग जसाच्या तसा. खाली दोन ओळी: उताराच्या दिशेने जागा बदलली की परिस्थिती बदलते, म्हणून त्या दिशेत संवेग टिकत नाही. आडव्या दिशेत जागा बदलून काही बदलत नाही, म्हणून त्या दिशेत टिकतो. एमी नोएदरचं नाव नव्हतं. परीक्षेत येत नाही ना ते. तिने ते कुठून तरी स्वतः शोधलं होतं, सगळे यायच्या आधी, भिकनभाऊला हाताशी धरून. आणि मी शेवभाजी गार होईल म्हणून उठले होते. माझे डोळे भरून आले असते तर बरं झालं असतं, पण नाही आले, नुसते जळत राहिले. "नवं पान फाडा," मी म्हटलं. "मार्क या पानाला."

प्रेमराज सर खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी अगदी शांतपणे, जणू मला बरं वाटत नाहीये अशा आवाजात विचारलं, "या पानाला मार्क दिले, तर बाकीच्या एकतीस जणांचं काय करायचं? हे खरं असेल तर त्यांचं उत्तर त्या ओट्यावर येऊच शकत नाही. म्हणजे सगळ्यांनी बसवलंय. ते कागदावर आणायचंय का तुम्हाला? चौकशी लागेल. निकाल अडकेल. हिचाही अडकेल." ते खरं बोलत होते, तोच तर त्रास होता. मी पुनमकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, कारण तिला आत्ताच कळलं होतं की खऱ्या पानानेही जागा जाऊ शकते. मी म्हटलं, "एकतीस जणांचं राहू द्या. त्यांना बोट कोणी लावायला सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. मी नव्याण्णव साली याच ओट्यावर बसवलंय आणि अठ्ठेचाळीस घेतलेत. चौकशी लागली तर पहिली मी येते, मग तुम्ही या." आणि पेन काढून पुनमच्या पानावर, निष्कर्षाच्या शेजारी, लिहिलं: मी मागची बाजू न वाचता गुण दिले होते. चूक माझी. खाली नाव, सही, तारीख. आवाज चढला होता बहुतेक, कारण बाहेरच्या व्हरांड्यातली दोन पोरं थांबून बघत होती. बघू देत. प्रेमराज सरांनी चष्मा काढून पुसला, मग परत घातला. त्यांनी मागची बाजूही वाचली, ओठ हलवत, सावकाश. मग म्हणाले, "तीन मिलिमीटर," आणि कोणाकडेही न बघता सहीला पेन उचललं.

मी शीट ओढून बारावर काट मारली आणि शेजारी सत्तेचाळीस लिहिलं. सरांनी सही केली. मी शीट उचलून पुनमला दाखवली. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं ती आता रडेल किंवा वाकून पाया पडेल, आमच्याकडच्या मुली करतात तसं, आणि मी तिला उठवेन, पाठीवर हात ठेवेन, आणि सकाळपासून छातीत जे पेटलंय ते विझेल. तिने शीट हातात घेतली. आकडा बघितला. माझी सही बघितली. मग वर बघून, आवाज जराही न चढवता, विचारलं, "मॅडम, हे तीन कशाचे कापले?"

प्रेमराज सर घाईने म्हणाले, अगं पैकीच्या पैकी कोणालाच देत नाहीत, पद्धत आहे तशी. ती त्यांच्याकडे वळली नाही. ती माझ्याकडेच बघत होती आणि मी कारण शोधत होते. आकृती? आकृती चोख होती. एककं बरोबर होती. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी तिच्या हातातून शीट परत घेतली आणि सत्तेचाळीसवर काट मारली.